गणकांचे गुरू भास्कराचार्य

प्राचीन काळी आपल्या देशात विद्वानांच्या सभा भरत असत. कवी तेथे आपले काव्य वाचून दाखवीत, वैयाकरण शब्दांच्या रूपांवर वाद करीत आणि गणक, म्हणजे गणित व ज्योतिष जाणणारे पंडित, परस्परांस कूट प्रश्न घालीत. अशा सभेत गणकाला मान कशामुळे मिळतो, याची एक कसोटी १२ व्या शतकातील एका थोर आचार्यांनी सांगून ठेविली आहे. त्यांच्या मते ज्या गणकाला केवळ रीत ठाऊक आहे, पण त्या रीतीमागील कारण ठाऊक नाही, त्याला जाणत्यांच्या सभेत प्रतिष्ठा लाभत नाही. एवढेच नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या मनातील संशयही कधी फिटत नाही. ही कसोटी घालून देणारे आचार्य म्हणजे भास्कराचार्य होत. त्यांनी जन्मभर गणित शिकविले, गणिताचे प्रश्न रचले आणि ते प्रश्न सोडविण्यासाठी पुढे शेकडो वर्षे देशोदेशीचे पंडित आपली बुद्धी पणाला लावीत राहिले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. आपल्या गावाचे नावही त्यांनी दिले आहे. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले नगर असून तेथे अनेक शास्त्रांत निपुण असे सज्जन राहतात, असे ते सांगतात. हे विज्जडविड नेमके कोठले, याविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. कोणी ते जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावाजवळच्या पाटणच्या परिसरात असावे असे म्हणतात, कोणी विजापूरचे नाव घेतात, तर काही अभ्यासकांच्या मते ते मराठवाड्यातील बीड होय. विड आणि बीड या दोन नावांतील साम्य सहज ध्यानात येते. बीड नगर बिंदुसरा नदीच्या काठी वसलेले आहे. पाण्याने वेढलेले कंकालेश्वराचे प्राचीन मंदिर तेथे आजही पाहावयास मिळते. बालाघाटचे डोंगर या जिल्ह्यातून गेलेले असून ते सह्याद्रीचीच पूर्वेकडे पसरलेली एक शाखा आहेत, आणि जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. निर्णायक पुरावा हाती आला नसल्यामुळे हा वाद मिटलेला नाही. परंतु आपल्या मातीत एवढा मोठा गणिती जन्मला असावा, या विचाराने बीडकरांचे मन आनंदित व्हावे, हे स्वाभाविकच आहे.

भास्कराचार्यांचे घराणे पिढीजात विद्वानांचे होते. त्यांच्या एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी देऊन गौरविले होते. त्यांचे वडील महेश्वर हे नामांकित ज्योतिर्विद होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. त्या काळी विद्यार्थ्यांजवळ आजच्यासारख्या वह्या नव्हत्या. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून तीवर अंक लिहीत. गणिताची एक पायरी पुरी झाली की ते अंक पुसून पुढची पायरी मांडीत. गणिताचे नियम पद्यांत बांधलेले असत व ते विद्यार्थी मुखोद्गत करीत. ही पद्धत सोयीची होती. पण तीत एक मोठा धोकाही होता. धुळीवरचे अंक पुसले जात आणि पद्य तेवढे मुखात राही. नियम घडाघडा म्हणणारे पुष्कळ, आणि तो नियम खरा का आहे हे सांगू शकणारे थोडे, अशी अवस्था होण्यास वेळ लागत नसे. जे ज्ञान फक्त मुखात राहते आणि बुद्धीत उतरत नाही, ते दोन-चार पिढ्यांत निस्तेज होते. ही गोष्ट भास्कराचार्यांनी पुरती ओळखली होती. म्हणूनच कारण सांगण्यावर त्यांनी जन्मभर भर दिला.

इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा आपला सुप्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. याचे ४ भाग आहेत. पहिला भाग लीलावती हा अंकगणित व भूमिती यांचा. दुसरा बीजगणित. तिसऱ्या ग्रहगणितात ग्रहांची स्थिती व गती काढण्याच्या रीती दिल्या आहेत, आणि चौथ्या गोलाध्यायात पृथ्वी व आकाश यांच्या गोलाकाराचा विचार केला आहे. ग्रंथ पद्यात असला तरी भास्कराचार्य तेवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या पद्यांचा अर्थ व त्यांतील रीतींची कारणे उलगडण्यासाठी त्यांनी स्वतःच गद्यात भाष्य लिहिले. त्याला वासनाभाष्य असे म्हणतात. येथे वासना या शब्दाचा अर्थ उपपत्ती किंवा कारण असा आहे.

या चार भागांत लीलावती हा भाग सर्वांत लोकप्रिय झाला. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने हा ग्रंथ रचला, अशी एक कथा सांगतात. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती पुष्कळ नंतरच्या काळात लिहिली गेली. तेव्हा तिला इतिहास मानता येत नाही. तथापि ग्रंथातील उदाहरणे एखाद्या चतुर बालिकेला किंवा मित्राला प्रेमाने विचारल्यासारखी आहेत, ही गोष्ट खरी. त्यांत कमळे आहेत, हंस आहेत, भुंगे आहेत, बाजारातील जिन्नस आहेत. गणित हा रुक्ष विषय आहे असे म्हणणाऱ्याने लीलावती एकदा अवश्य पाहावी.

त्यातील एक उदाहरण असे आहे. भुंग्यांचा एक थवा होता. त्यांपैकी एक पंचमांश भुंगे कदंबाच्या फुलांवर गेले आणि एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलांवर गेले. या दोन संख्यांमध्ये जेवढे अंतर आहे, त्याच्या तिप्पट भुंगे कुटजाच्या फुलांकडे वळले. उरला एकच भुंगा. तो केतकी व मालती या दोहोंच्या सुगंधाने मोहून आकाशात इकडून तिकडे भिरभिरत राहिला. तर थव्यात एकूण भुंगे किती?

असे उदाहरण सोडविण्यासाठी भास्कराचार्यांनी इष्टकर्म नावाची रीत दिली आहे. तीत आधी आपल्या सोयीची कोणतीही एक संख्या उत्तर म्हणून मानावयाची. समजा, आपण ३० भुंगे मानले. त्यांचा एक पंचमांश ६ आणि एक तृतीयांश १०. दोहोंतील अंतर ४, त्याची तिप्पट १२. तीन ठिकाणी मिळून २८ भुंगे गेले आणि २ उरले. पण उदाहरणात तर १ उरला आहे. म्हणजे आपण मानलेली संख्या दुप्पट झाली. तेव्हा खरे उत्तर १५. दुसऱ्या कोणी ६० भुंगे मानले, तर त्याच्याजवळ ४ उरतील, आणि ६० ला ४ ने भागून तोही १५ वरच येईल. निरनिराळ्या ठिकाणाहून निघालेले दोघे सोबती शेवटी एकाच जागी भेटावे, तसा हा प्रकार आहे. असे का होते, हे दोघांनी एकमेकांना सांगण्याचा प्रयत्न केला म्हणजे रीतीचे मर्म कळते, आणि भास्कराचार्यांना हवे होते ते हेच.

कारण सांगावयाचे कसे, याचेही त्यांनी उत्तम उदाहरण घालून दिले आहे. काटकोन त्रिकोणाच्या दोन लहान भुजांच्या वर्गांची बेरीज मोठ्या भुजेच्या, म्हणजे कर्णाच्या, वर्गाएवढी असते, हा सिद्धांत तुम्ही शाळेत शिकता. भास्कराचार्यांनी बीजगणितात १५ व २० भुजांचा एक काटकोन त्रिकोण घेतला आहे. असे ४ सारखे त्रिकोण घेऊन त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूस येतील अशा रीतीने ते चौकोनात मांडले, तर कर्णावरचा चौरस तयार होतो आणि मध्ये ५ भुजेचा एक लहानसा चौरस रिकामा राहतो. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, म्हणून चारांचे ६००. त्यात मधल्या चौरसाचे २५ मिळविले की ६२५ होतात. ६२५ हा २५ चा वर्ग. म्हणून कर्ण २५. कागदाचे ४ त्रिकोण कापून कोणीही हे करून पाहू शकेल. ज्याला अक्षरांची मांडणी अवघड वाटते त्याला आकृती दाखवावी, आणि ज्याला आकृती उमगत नाही त्याला अक्षरांच्या मार्गाने न्यावे, अशी त्यांची शिकविण्याची दृष्टी होती. सर्व विद्यार्थ्यांची बुद्धी एकाच वाटेने चालत नाही, हे या आचार्यांना चांगले ठाऊक होते.

काटकोन त्रिकोणाचा हा सिद्धांत वापरून सोडवावयाचे लीलावतीतील आणखी एक उदाहरण येथे देतो. ९ हात उंचीच्या एका खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे आणि खांबावर एक मोर बसला आहे. बिळापासून २७ हातांवर असलेला साप बिळाकडे सरळ येऊ लागला. त्याला पाहून मोराने खांबावरून तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर काटले आणि ते एकमेकांस भिडले. तर बिळापासून किती हातांवर? याचे उत्तर येथे सांगत नाही. चार सोबत्यांनी एकत्र बसून ते काढावे.

काही प्रश्न मात्र असे असतात, की ते सोडविण्यास एक पिढी पुरत नाही. भास्कराचार्यांच्या आधी सुमारे ५०० वर्षे, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्त नावाच्या महान गणित्याने पुढच्या गणकांना एक आव्हान दिले होते. अशी वर्गसंख्या शोधा, की तिला ९२ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा वर्गसंख्याच यावी. जो हे एका वर्षात करील तो खरा गणक, असा त्यांचा आशय होता. याचे उत्तर १२० चा वर्ग असे आहे, कारण त्याला ९२ ने गुणून १ मिळविला की ११५१ चा वर्ग मिळतो. ९२ च्या जागी दुसऱ्या संख्या घेतल्या म्हणजे हाच प्रश्न कधी सोपा तर कधी अतिशय बिकट होतो. पूर्वीच्या आचार्यांनी या वाटेवर जी पावले टाकली होती, ती पुढे नेऊन भास्कराचार्यांनी चक्रवाल नावाची रीत सुस्पष्टपणे मांडली. चाक जसे फिरत फिरत पुढे जाते, तशी या रीतीत तीच कृती पुनःपुन्हा करीत उत्तराजवळ जावयाचे असते. या रीतीचे सामर्थ्य दाखविण्यासाठी त्यांनी ६१ ही संख्या घेतली. तिचे सर्वांत लहान उत्तर २२ कोटी ६१ लक्ष ५३ हजार ९८० या संख्येचा वर्ग हे आहे. त्याला ६१ ने गुणून १ मिळविला, की १७६ कोटी ६३ लक्ष १९ हजार ४९ या संख्येचा वर्ग येतो. एवढी मोठी उत्तरे त्यांनी यंत्रावाचून काढली!

पुढे इ. स. १६५७ मध्ये फ्रान्समधील फर्मा या विख्यात गणित्याने अगदी हाच ६१ चा प्रश्न समकालीन गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून मांडला. तेथील पंडितांनी आपापल्या परीने रीत शोधून तो सोडविला. भारतात तो ५०० वर्षांपूर्वीच सुटलेला आहे, याची त्यांना वार्ताही नव्हती. ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य आणि फर्मा यांचे देश व काळ वेगळे. तरीही प्रश्न एकच असल्यामुळे ते जणू एकाच सभेत समोरासमोर बसले आहेत, असे आपल्याला वाटते.

गोलाध्यायात भास्कराचार्यांची शोधक बुद्धी विशेष दिसून येते. पृथ्वीला कोणीतरी खालून आधार दिला आहे, अशी पुष्कळांची समजूत होती. भास्कराचार्य विचारतात, की पृथ्वीला आधार देणारा कोणी असेल तर त्याला आधार कोणाचा, आणि त्याही आधाराला आधार कोणाचा? ही साखळी कोठेच संपणार नाही. शेवटी कोणीतरी स्वतःच्या शक्तीने राहतो असे मानावयाचेच असेल, तर पृथ्वीच तशी राहते असे का मानू नये? पृथ्वी गोल आहे तर ती सपाट का दिसते, याचेही त्यांनी समर्पक उत्तर दिले आहे. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळ रेषेसारखाच दिसतो. पृथ्वी फार मोठी आणि तिच्यावर उभा असलेला मनुष्य फार लहान. म्हणून त्याला दिसणारा तुकडा सपाट भासतो.

भास्कराचार्यांना पूर्वसूरींविषयी आदर होता. पण चूक ही चूकच, मग ती कोणाचीही असो, असा त्यांचा बाणा होता. लल्ल नावाचे पूर्वीचे एक नामवंत आचार्य होते. त्यांनी गोलाच्या पृष्ठफळाचा जो नियम दिला होता तो बरोबर नव्हता. भास्कराचार्यांनी ही चूक उघडपणे दाखवून दिली. गोलाचे पृष्ठफळ हे त्याच्या मध्यावरून कापलेल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते, हा बरोबर नियम त्यांनी दिला. नियम देऊन ते थांबले नाहीत. आवळ्यावर जशा उभ्या रेघा असतात तशा रेघा गोलावर काढून, पृष्ठभागाचे लहान लहान भाग पाडून त्यांची बेरीज कशी करावी, हे त्यांनी समजावून सांगितले. मोठ्या माणसाचे म्हणणेही तपासून घ्यावे, आणि तपासताना आपले कारण सर्वांपुढे मांडावे, हा धडा यातून मिळतो.

भास्कराचार्यांची बुद्धी वृद्धापकाळीही तल्लख होती. इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पंचांग तयार करणाऱ्यांना ग्रहांची गणिते सुलभ रीतीने करता यावी, हा त्याचा हेतू होता. पुढे अनेक पिढ्या पंचांगकर्ते या ग्रंथाचा उपयोग करीत राहिले.

भास्कराचार्यांच्या पश्चात त्यांच्या विद्येचे काय होणार, हा प्रश्न होता. धूळपाटीवरचे अंक पुसले जावे तशी ही विद्याही पुसली जाण्याचे भय होते. परंतु त्यांच्या घराण्याने तसे होऊ दिले नाही. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे मोठे विद्वान होते. यादव राजा जैत्रपाल याने त्यांना पाटणहून बोलावून आपल्या पदरी सन्मानाने ठेविले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी झाले. या नातवाने आपल्या आजोबांचे खरे स्मारक उभारले. त्यांनी मूर्ती बसविली नाही की मनोरा बांधला नाही. सिद्धांतशिरोमणी आणि घराण्यातील इतर ग्रंथ यांचे अध्ययन व विवरण जेथे अखंड चालावे, असा एक मठ त्यांनी पाटण येथे स्थापन केला.

या मठाला इ. स. १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या पर्वावर दान देण्यात आले. त्या प्रदेशावर तेव्हा यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ घराणे राज्य करीत होते. त्यांतील सोइदेव याने हे दान दिले. ही सर्व हकीकत पाटणच्या देवालयातील एका शिलालेखात कोरलेली आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. पण शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत आणि त्या फार महत्त्वाच्या आहेत. पाटणच्या बाजारात होणाऱ्या विक्रीवर राजाला जो कर मिळे, तो मठाला द्यावा. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागे प्रत्येकी पळी पळी तेल मठाला द्यावे, अशी व्यवस्था त्यांत सांगितली आहे. संस्कृत पद्ये पंडितांसाठी होती. पण कर देणारा गिऱ्हाईक आणि तेल देणारा तेली यांना आपण काय द्यावयाचे हे कळले पाहिजे, म्हणून तो मजकूर लोकांच्या भाषेत लिहिला असावा. गणिताचा अभ्यास करणाऱ्यांसाठी सामान्य लोकांनी आपल्या घाण्यावरचे पळीभर तेल दिले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. विद्या पंडितांच्या बुद्धीवर वाढते, तशी ती समाजाच्या अशा लहान लहान दानांवरही जगते.

काळ पालटला. यादवांचे राज्य लयास गेले. पाटणचे वैभव ओसरले आणि मठही नाहीसा झाला. आज तेथे डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे प्राचीन मंदिर उभे आहे. मठ नाहीसा झाला म्हणून भास्कराचार्यांचे प्रश्न मात्र नाहीसे झाले नाहीत. गावोगावचे अध्यापक ते शिकवीत राहिले. बीड जिल्ह्याच्या समोर, गोदावरीच्या पलीकडे, परभणी जिल्ह्यात पाथरी हे गाव आहे. त्याचे जुने नाव पार्थपूर. तेथे १६ व्या शतकात ज्ञानराज नावाचे विद्वान ज्योतिषी राहत असत. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी इ. स. १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. त्याच सुमारास कोकणच्या किनाऱ्यावरील नंदिग्रामचे गणेश दैवज्ञ यांनी इ. स. १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून तिच्यातील रीतींच्या उपपत्ती उलगडून दाखविल्या. गोदातीरीच्या गोलग्राम येथेही ज्योतिर्विदांचे एक मोठे घराणे होते. त्या घराण्यातील नृसिंह यांनी इ. स. १६२१ मध्ये सिद्धांतशिरोमणीवर टीका लिहिली. अशा रीतीने गोदावरीच्या काठापासून समुद्राच्या काठापर्यंत अध्यापकांची एक परंपराच निर्माण झाली. एकाने सोडविलेले दुसऱ्याने तपासावे, एकाला सुचलेले कारण दुसऱ्याने अधिक सोपे करावे, असे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले होते.

लीलावतीची कीर्ती महाराष्ट्राबाहेरही पसरली. अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने इ. स. १५८७ मध्ये तिचे फारसी भाषांतर केले. पुढे इ. स. १८१६ मध्ये जॉन टेलर याने मुंबईत आणि १८१७ मध्ये कोलब्रुक याने तिची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. पाटणचा तो शिलालेख मात्र दीर्घकाळ विस्मृतीत पडला होता. १९ व्या शतकात मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर व इतिहाससंशोधक भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला, आणि आजोबांच्या विद्येसाठी नातवाने काय केले ते जगाला कळले. स्वतंत्र भारताने १९७९ मध्ये व पुन्हा १९८१ मध्ये जे उपग्रह आकाशात सोडले, त्यांना भास्कर हे नाव देण्यात आले.

भास्कराचार्यांच्या जन्माला आता ९०० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ते बीडचे की पाटणचे, हा प्रश्न आज ना उद्या सुटेल किंवा सुटणारही नाही. पण त्यांनी गणकांच्या सभेसाठी घालून दिलेली कसोटी आजच्या वर्गातही तितकीच खरी आहे. उदाहरणाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ताडून पाहिले, म्हणजे काम संपले असे समजू नये. आपल्याला ते कसे आले, हे शेजारी बसलेल्या सोबत्याला सांगून पाहावे. त्याला ते पटले तर आपले ज्ञान पक्के झाले असे समजावे, आणि त्याने शंका काढली तर रागावू नये. जी शंका सोबत्याच्या तोंडून बाहेर आली, ती कदाचित आपल्याही मनात दडून बसलेली असेल. शिक्षकांनीही आपसांत असेच प्रश्न घालावे व सोडवावे. कारण पाटणच्या मठात आणि गोदावरीच्या काठी हेच चालत आले होते, आणि म्हणूनच त्या १५ भुंग्यांचा थवा आपल्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.